बहुधर्मीय समाजात श्रद्धेची साक्ष

आपल्या ठायी असलेल्या आशेविषयी कोणी विचारले तर उत्तर देण्यास सदैव सिद्ध असावे, मात्र ते सौम्यतेने व आदराने द्यावे, असा उपदेश संत पेत्र आपल्या पहिल्या पत्रात (३:१५) करतो. सुवार्ता सांगणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य आहे. ऐकणाऱ्याचे स्वातंत्र्य जपणे हा त्या कर्तव्याचाच भाग आहे.

ख्रिस्तसभेची शिकवण

दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा प्रसिद्ध केला. अन्य धर्मांत जे सत्य व पवित्र आहे, ते ख्रिस्तसभा नाकारत नाही, असे त्यात म्हटले आहे. त्याच वर्षी ७ डिसेंबर रोजी धर्मस्वातंत्र्यावरील जाहीरनामा आला. श्रद्धेचा प्रसार करताना सक्तीचा वा आमिषाचा लवलेशही नसावा, विशेषतः गरीब व अशिक्षित यांच्या बाबतीत ही दक्षता घ्यावी, असे त्यात बजावले आहे. धर्मसभेच्या कायद्यानुसार (कलम ८६५) प्रौढ व्यक्तीला स्नानसंस्कार देण्यापूर्वी तिने स्वतः तशी इच्छा प्रकट केलेली असावी लागते आणि तिला श्रद्धासत्यांचे पुरेसे शिक्षण मिळालेले असावे लागते.

मराठी भूमीतील वारसा

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडमध्ये जन्मलेले येशूसंघीय धर्मगुरू १५७९ साली गोव्यात आले. सासष्टीतील लोकांची भाषा त्यांनी आत्मसात केली आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. पुराणाचा परिचित घाट, ओवी छंद, स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द आणि श्रोत्यांच्या शंकांना दिलेली उत्तरे यांमुळे सुवार्ता मराठी मनाला आपली वाटली.

मात्र त्याच गोव्यात १५६० पासून इन्क्विझिशन होते आणि देवळेही पाडली गेली होती, हे विसरता येत नाही. त्या स्मृतींचे ओझे आजही आपल्या शब्दांवर पडते. सुवार्तेशी विसंगत मार्गांबद्दल पोप दुसरे जॉन पॉल यांनी १२ मार्च २००० रोजी देवाकडे जाहीर क्षमायाचना केली. ही प्रांजळता आपल्या साक्षीचाही पाया असावी.

देशाचा कायदा

भारतीय संविधानाच्या २५ व्या अनुच्छेदाने सदसद्विवेकबुद्धीचे आणि धर्म आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. प्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडविण्याचा हक्क येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली दिला. श्रद्धा स्वीकारण्याचा निर्णय ज्याचा त्यानेच घ्यावयाचा असतो, हे आपली श्रद्धाही सांगते.

धर्मग्रामात आचरण

रुग्णाला भेटताना त्याची संमती असेल तरच त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करावी. एरवी मनातल्या मनात करावी. औषध, फी वा धान्य देताना प्रार्थनेस येण्याची अट, सूचकपणेही, घालू नये. शेजाऱ्यांच्या देवतांविषयी व सणांविषयी घरातही अनुदार शब्द काढू नयेत, कारण मुले तेच शिकतात. नाताळात आपण त्यांना बोलावतो, तसे त्यांच्या आनंदात व दुःखातही आपण जावे. त्यांची श्रद्धा आधी ऐकून घ्यावी. आणि कोणी आपणहून प्रभू येशूविषयी विचारले, तर संकोच न करता, अतिशयोक्ती न करता, त्याने आपल्या जीवनात काय केले ते सांगावे.

पेरणी आपल्या हाती आहे. अंकुर फुटणे देवाच्या हाती आहे. ज्याचा यावर विश्वास आहे, त्याला घाई करावी लागत नाही.