काचेतला रस्ता: रंगीत की कृष्णधवल?

आज रस्त्यावरच्या छायाचित्रणाचा एकच कोपरा घ्यायचा आहे. दुकानाच्या काचेत, आरशात, पावसाच्या डबक्यात पडलेलं रस्त्याचं प्रतिबिंब. ते रंगात टिपायचं की ब्लॅक अँड व्हाइट, ज्याला आपण कृष्णधवल म्हणतो, त्यात? वरवर बघता हा आवडीनिवडीचा प्रश्न वाटतो. पण यावर भल्या भल्या छायाचित्रकारांची मतं फार कडवट झालेली आहेत, आणि या वादाचा एक धागा थेट आपल्या झवेरी बाजारात येऊन पोचतो.

आधी काचेचा हिशेब समजून घेऊ. साध्या काचेवर समोरून प्रकाश पडला की प्रत्येक पृष्ठभागावरून साधारण ४ टक्के परत फिरतो, म्हणजे दोन्ही मिळून ८ टक्क्यांच्या आसपास. बाहेर रणरणतं ऊन आणि दुकानात अंधार असेल, तर एवढासा प्रकाशही आतल्या मालावर मात करतो आणि काचेचा आरसा होतो. रात्री दिवे लागले की उलट. मधल्या वेळी, दिवेलागणीला, दोन्ही बाजू तुल्यबळ होतात आणि काचेवर दोन जगं एकावर एक बसतात.

आता गंमत बघा. या दोन थरांचा प्रकाश एका रंगाचा नसतो. बाहेरचा, आकाशाचा, निळसर. आतला, जुन्या बल्बचा, पिवळा-नारिंगी. ट्यूबलाइट असेल तर ती दिवसाच्या उजेडासाठी बनवलेल्या फिल्मवर हिरवट उमटते. आपला डोळा हे फरक सांभाळून घेतो, फिल्म घेत नाही. त्यामुळे रंगीत छायाचित्रात निळं ते बाहेरचं आणि पिवळं ते आतलं, हे क्षणात कळतं. कृष्णधवलमध्ये ही खूणच पुसली जाते. दोघंही करडे. आतला पुतळा आणि बाहेरचा माणूस एकाच कापडातून बेतल्यासारखे दिसतात. रंग थर वेगळे राखतो, कृष्णधवल ते एकजीव करतं. एवढा फरक लक्षात ठेवा, पुढची सगळी मंडळी याच्याशीच झगडताना दिसतील.

पहिलं नाव अर्थातच यूजीन अ‍ॅटजे. पॅरिसमध्ये जड लाकडी कॅमेरा आणि १८ बाय २४ सेंटीमीटरच्या काचेच्या प्लेट घेऊन फिरणारा माणूस. १९२५ च्या सुमारास त्यानं गोबलँ रस्त्यावरच्या एका कपड्यांच्या दुकानाचं छायाचित्र घेतलं. आत किमतीच्या चिठ्ठ्या लावलेले, सूटबूट घातलेले पुतळे, आणि त्यांच्यावरच पसरलेलं समोरच्या इमारतीचं प्रतिबिंब. पॅरिसच्या सर्रिअलिस्ट मंडळींना त्याची अशी छायाचित्रं स्वप्नासारखी वाटली. अ‍ॅटजेला मात्र आपण चित्रकारांसाठी कागदपत्रं तयार करतो आहोत असंच वाटत असे. रंगाचा पर्याय तेव्हा बाजारात नव्हता असं नाही. ल्यूमिएर बंधूंची ऑटोक्रोम प्लेट १९०७ पासून मिळत होती, पण तिला उघडीप इतकी लांब लागायची की रस्त्यावरची चालती माणसं त्यात उमटणं कठीणच.

हा वेगाचा मुद्दा पुढेही सुटला नाही. कोडाक्रोम १९३६ मध्ये छोट्या कॅमेऱ्यांसाठी आली, रंग सुंदर, पण फार मंद. १९७४ मध्ये आलेल्या सुधारित कोडाक्रोमचा वेगही ६४ होता. कृष्णधवल ट्राय-एक्स तेव्हा ४०० वर पोचलेली. म्हणजे सहापट जास्त प्रकाश हवा. त्यात स्लाइड फिल्म सावली आणि ऊन एकाच वेळी फारसं पेलू शकत नाही. काचेसमोर उभं राहणाऱ्याला हे दोन्ही अडचणीचंच. पुष्कळ जणांनी कृष्णधवल निवडलं ते तत्त्वासाठी, असं आपण नंतर म्हणतो. बऱ्याचदा ते खिसा आणि उजेड बघून निवडलेलं असे.

ली फ्रीडलँडरचं मात्र तसं म्हणता येणार नाही. साठच्या दशकात अमेरिकेतल्या दुकानांच्या काचांमध्ये त्यानं स्वतःची सावली आणि प्रतिबिंब पुन्हा पुन्हा पकडलं. १९७० मध्ये त्याचं ‘सेल्फ पोर्ट्रेट’ हे पुस्तक आलं. त्याला गोंधळच हवा होता. काचेच्या आत काय, बाहेर काय, छायाचित्रकार नेमका कुठे उभा, हे कळू नये हीच त्यातली मजा. हे काम रंगात झालं असतं तर अर्धा खेळ तिथेच संपला असता.

उलट टोकाला सॉल लायटर. पिट्सबर्गमधल्या एका रब्बीचा मुलगा, चित्रकार व्हायला १९४६ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि १९४८ पासून रंगीत फिल्म वापरू लागला, कित्येकदा मुदत उलटून गेलेली. वाफ धरलेल्या काचा, त्यामागे एखादी लाल छत्री. लायटरच्या छायाचित्रात माणसाचा चेहरा नसला तरी चालतं, लाल रंगाचा एक ठिपका पुरतो. तो ठिपका करडा करा, चित्र कोसळतं. पण हे रंगीत काम जगापुढे नीट आलं ते २००६ मध्ये, पुस्तकरूपानं. तोपर्यंत रंग म्हणजे जाहिरात, रंग म्हणजे फॅशनची मासिकं. वॉकर एव्हान्ससारख्या मोठ्या छायाचित्रकारानं रंगीत छायाचित्रण हे गावंढळ असल्याचा शेरा मारला होता. (पुढे म्हातारपणी तोच पोलरॉइडवर रंगात रमला, हे जाता जाता.) १९७६ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयानं विल्यम एगलस्टनचं रंगीत प्रदर्शन भरवलं, तेव्हा समीक्षक तुटून पडले.

आता आपल्याकडे येऊ. रघुबीर सिंग. जन्म जयपूरचा, १९४२ चा. लहानपणीच आंरी कार्तिए-ब्रेसाँचं जयपूरवरचं पुस्तक त्यांच्या पाहण्यात आलं, आणि १९६६ मध्ये खुद्द ब्रेसाँ जयपुरात असताना त्यांचं काम जवळून बघायला मिळालं. ब्रेसाँ म्हणजे कृष्णधवलचे कट्टर. चौकट कशी बांधायची ते सिंग यांनी त्यांच्याकडून घेतलं, रंगाबद्दलचं मत मात्र घेतलं नाही. आयुष्यभर त्यांनी रंगातच काम केलं.

१९९४ मध्ये त्यांचं मुंबईवरचं पुस्तक आलं. त्यात काच किती आहे बघा! १९८९ च्या एका छायाचित्राचं शीर्षकच ‘झवेरी बाजार आणि जवाहिऱ्याचं शोरूम’ असं आहे. एका चौकटीत दोन पत्ते. आत सोन्याची खरेदी, बाहेर गर्दी, आणि मध्ये काच. मुंबईत ही काच नुसती काच नाही, ती कुणाला आत येता येतं आणि कुणाला नाही हे ठरवणारी रेघ आहे. फ्रीडलँडरसारखं कृष्णधवल वापरलं असतं तर ती रेघ विरघळली असती. सिंग यांची फ्रीडलँडरशी मैत्री होती, त्याची युक्ती त्यांना पुरेपूर ठाऊक होती. तरीही ही माणसं एका जगातली आहेत असा आभास त्यांनी होऊ दिला नाही. हावड्याच्या फुटपाथवर आरसे विकणाऱ्याचं त्यांचं १९९१ चं छायाचित्रही असंच आहे. रस्त्याचे तुकडे होतात, पण प्रत्येक तुकडा कुठला ते रंगावरून लागतं.

त्यांनी याचं तत्त्वही मांडलं. १९९८ च्या ‘रिव्हर ऑफ कलर’ या पुस्तकातल्या निबंधात त्यांचा रोख असा की कृष्णधवल ही पश्चिमेच्या एकटेपणाची, अपराधभावाची भाषा आहे. भारतीय नजर लघुचित्रांपासून रंगातच बघत आली. इथे मात्र मी त्यांच्याबरोबर जाऊ शकत नाही. प्रभातचा १९३९ चा ‘माणूस’ आपल्या आजी-आजोबांनी पाहिला, त्यांना तो परका वाटला का? आणि दुसरं, रंगीत फिल्म महाग आणि परदेशी होती. ‘नॅशनल जिऑग्राफिक’साठी काम करणाऱ्याच्या हाताशी ती होती, पुण्या-मुंबईच्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रकाराच्या नव्हती. मग त्या बिचाऱ्याची नजर कमी भारतीय ठरवायची का? निबंधातला युक्तिवाद लंगडा आहे. झवेरी बाजारचं छायाचित्र मात्र त्याहून कितीतरी पक्का युक्तिवाद करतं.

आणि सिंग स्वतः तरी इतके कर्मठ कुठे होते! १९८२ मध्ये सूनी तारापोरवाला यांची छायाचित्रं बघून पारशी समाजावर पुस्तक करा असं सुचवणारे तेच. ते पुस्तक २००० मध्ये निघालं, पण तोवर सिंग हयात नव्हते. केतकी शेठ यांनाही त्यांचं मार्गदर्शन होतं, आणि त्यांचं मुंबईच्या रस्त्यांवरचं ‘बॉम्बे मिक्स’ (२००७) कृष्णधवल आहे. सिंग यांची मुंबई आणि शेठ यांची मुंबई शेजारी ठेवून बघा. काळ बराचसा सारखा. पण सिंग यांच्या छायाचित्रात साडीचा रंग, प्लॅस्टिक, पाट्या लगेच दशक सांगून टाकतात. शेठ यांच्या छायाचित्रात तारीख शोधावी लागते, नजर आधी माणसांच्या अंगविक्षेपांकडे जाते. आज मोबाइलवर गिरगावचा फोटो करडा करून ‘जुनी मुंबई’ म्हणून पाठवतात ना, ते याच गुणाचा गैरफायदा घेणं आहे. कालपरवाचा रस्ता साठ वर्षं जुना भासतो आणि त्यात आज कोण राहतं हा प्रश्नच उरत नाही.

फिल्मच्या काळात हा निर्णय रोल घालतानाच व्हायचा. एकदा घातला की ३६ छायाचित्रं संपेपर्यंत सुटका नाही, म्हणून माणूस त्याच नजरेनं रस्त्यावर उतरायचा. कोडाक्रोम धुणारी शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमधली, तिनंही २०१० च्या अखेरीस नवे रोल घेणं थांबवलं. डिजिटल कॅमेऱ्यात निर्णय घरी येऊन, चहा पिताना घेता येतो. त्यावर उपाय म्हणून की काय, लायकानं २०१२ मध्ये रंग टिपूच शकत नाही असा डिजिटल कॅमेरा काढला, आणि लोकांनी तो भरपूर पैसे मोजून घेतला.

केतकी शेठ मात्र उलट्या दिशेनं गेल्या. कित्येक वर्षांच्या कृष्णधवल कामानंतर २०१८ मध्ये त्यांचं ‘फोटो स्टुडिओ’ आलं. देशभरातले उरलेसुरले जुने फोटो स्टुडिओ, त्यांचे रंगवलेले पडदे, खुर्च्या, पंखे. सगळं रंगात. पडद्यावरचं ते निळं आकाश करडं केलं तर मागे नुसती भिंत उरते. चला, आता तुमचे प्रश्न घेऊ.