खोपोलीची वीज आणि गिरण्यांतील बाष्पके : पाणीपुरवठ्याच्या झडपेच्या संदर्भात

प्रस्तावना
खोपोलीची वीज आली आणि मुंबईच्या गिरण्यांतील वाफेचे युग संपले, अशी समजूत सामान्यतः आढळते. प्रस्तुत लेखात बाष्पकाच्या, म्हणजेच बॉयलरच्या, पाणीपुरवठा नळावरील झडपेच्या आधारे या समजुतीची तपासणी केली आहे.

खोपोलीचे कार्य
टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक पॉवर सप्लाय कंपनीची स्थापना १९१० मध्ये झाली. लोणावळा-वळवण परिसरातील तलावांत साठविलेले पावसाचे पाणी सुमारे १,७०० फूट खाली आणून खोपोलीच्या वीजगृहातील पेल्टन चक्रे फिरविण्यात आली आणि १९१५ पासून गिरण्यांना वीज मिळू लागली. वाफेच्या इंजिनांची जागा क्रमाक्रमाने विजेच्या मोटारींनी घेतली. तथापि सुताला खळ लावणे, कापड रंगविणे व वाळविणे यांसाठी वाफेची गरज कायम राहिली. इंजिन गेले, तरी बाष्पक राहिले.

झडपांची आवश्यकता
बाष्पकात पाणी ढकलणारा पंप बंद पडल्यास आतील दाबामुळे पाणी नळातून मागे फिरते. पातळी खालावली की भट्टीवरचा पत्रा उघडा पडून तापतो, मऊ होतो व फुटू शकतो. म्हणून नळावर पाणी एकाच दिशेने जाऊ देणारी नॉन-रिटर्न झडप बसवितात. ती झडप व बाष्पक यांच्यामध्ये आणखी एक बंद करता येणारी झडप ठेवितात. त्यामुळे बाष्पक दाबाखाली असतानाही पहिलीची दुरुस्ती करता येते.

कायद्याची वाटचाल
कलकत्त्यातील १८६३ च्या बॉयलर-स्फोटानंतर बंगालमध्ये १८६४ साली तपासणीचा कायदा झाला. पुढे प्रांतोप्रांतीचे नियम भिन्न राहिल्याने अडचणी उद्भवल्या व त्यातून १९२३ चा अखिल भारतीय कायदा आला. खोपोलीची वीज सुरू होऊन तेव्हा आठ वर्षे झाली होती. भारतीय बॉयलर विनियम, १९५० मध्ये पाणीपुरवठ्याची चेक झडप बाष्पकाच्या अनिवार्य साधनांत समाविष्ट आहे. १९२३ च्या कायद्याची जागा २०२५ मध्ये नव्या कायद्याने घेतली.

समारोप
खोपोलीच्या विजेने गिरणीची चालकशक्ती बदलली. बाष्पकाजवळ उभ्या असलेल्या कामगाराचा धोका मात्र तिने नाहीसा केला नाही. त्याचे रक्षण झडप, तिची वेळच्या वेळी तपासणी आणि कायदा यांवरच अवलंबून राहिले. विद्युतीकरणाच्या इतिहासात या कामगाराचीही नोंद व्हावयास हवी.