विहिरीवरच्या मोटरीचं कूळ

पलूस तालुक्यात पाण्याच्या मोटरीचा विषय निघाला की बोट किर्लोस्करवाडीकडं वळतं. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या माळावर कारखाना मांडला आणि १९२६ मध्ये तिथं सेंट्रिफ्यूगल पंप तयार झाला. पण पंप पाणी फेकतो, स्वतः फिरत नाही. त्याला फिरवणाऱ्या मोटरीचं मूळ लंडनमधल्या पाऱ्याच्या भांड्यात आहे.

तारेतून वीज गेली की शेजारची चुंबकसुई हलते, हे १८२० मध्ये डेन्मार्कच्या ओर्स्टेडनं दाखवलं. मायकेल फॅरेडेनं पुढच्याच वर्षी उलटं केलं: चुंबक रोवून ठेवला, तार मोकळी सोडली. तारेचं खालचं टोक पाऱ्यात बुडालेलं, वर बॅटरी जोडलेली. तार चुंबकाकडं ओढली गेली नाही की दूरही ढकलली गेली नाही. घाण्याच्या बैलासारखी त्याच्याभोवती फिरत राहिली. कारण हा रेटा वीज आणि चुंबकीय क्षेत्र या दोन्हींना काटकोनात, आडवा लागतो. मोटरीचं सगळं कूळ या आडव्या रेट्यावर उभं आहे.

पुढच्या मोटरींत फिरत्या भागाला वीज पोचवायला कार्बनचे ब्रश आले. ते झिजतात, ठिणग्या उडवतात. शेतातल्या धुळीत-चिखलात ते टिकले असते असं मला वाटत नाही. सुटका केली ती टेस्लाच्या फिरत्या चुंबकीय क्षेत्रानं आणि १८८९ मध्ये डोलिवो-डोब्रोव्होल्स्कीनं बनवलेल्या थ्री फेज मोटरीनं. तिच्या रोटरला, म्हणजे फिरत्या भागाला, एकही वायर जोडलेली नसते. बाहेरच्या वायंडिंगमधलं क्षेत्र फिरतं, त्यामुळे रोटरच्या सळ्यांत आपोआप वीज निर्माण होते आणि त्यांना तोच फॅरेडेचा रेटा बसतो. रोटरनं क्षेत्राला गाठलं तर ही वीजच थांबेल, म्हणून तो कायम थोडा मागं राहतो. क्षेत्राचे मिनिटाला १५०० फेरे असले, तर नेमप्लेटवर १४४० च्या आसपासचा आकडा असतो, तो यामुळे.

तीनपैकी एक फेज गेला की क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी उलटसुलट होतं. अशा वेळी बंद मोटर चालू करायला गेलं तर ती नुसती घुमते, दाबून वीज ओढते आणि वायंडिंग जळतं. मोटर नुसती घुमली तर आधी स्टार्टर बंद करा, मग फेज तपासा.