वूलिच आर्सेनल क्लबाचा १९१२-१३ चा मोसम

इंग्लंडांतील फुटबॉल लीगच्या जुन्या गुणपटांपैकीं १९१२-१३ च्या मोसमाचा पहिल्या विभागाचा पट उघडला असतां वीस नांवांच्या अगदीं तळाशीं वूलिच आर्सेनल हें नांव दिसतें. सामने ३८, जय ३, बरोबरी १२, पराजय २३. केलेले गोल २६, अंगावर घेतलेले ७४. जयास दोन व बरोबरीस एक या त्या वेळच्या हिशेबानें मिळविलेले गुण अवघे १८. लगतच्या वरच्या नॉट्स कौंटीस २३ गुण होते आणि विजेत्या संडरलंडास ५४. घरच्या मैदानावरील १९ सामन्यांत या क्लबास एकच जय लाभला व तेथें त्याचे गोल झाले ते केवळ ११. तळाच्या दोन क्लबांनीं दुसऱ्या विभागांत उतरावें या नियमानुसार तो उतरला. आणि पुढील सप्टेंबरांत आपलें जन्मस्थान सोडून थेम्स नदीपलीकडे, लंडनच्या उत्तर भागांतील हायबरी येथें खेळूं लागला.

या दोन गोष्टी लागोपाठ घडल्यामुळें पहिली ही दुसरीचें कारण होय, असें पुष्कळ ठिकाणीं गृहीत धरलेलें आढळतें. क्लब हरला म्हणून खालीं आला, व खालीं आला म्हणून गांव सोडून गेला, अशी ही सांखळी. प्रस्तुत लेखकास ती मान्य नाहीं. तालवृक्षावर कावळा बसावयास व फळ पडावयास एकच गांठ पडली, एवढ्यावरून कावळ्याच्या माथीं फळाचा पात मारण्याचाच हा प्रकार आहे. निर्णय आधीं होता. पराजय मागून आले. हें दाखविण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

वूलिच हें थेम्सच्या दक्षिण तीरावरचें, मध्य लंडनपासून बरेंच पूर्वेकडचें गांव. तेथें राजाचें विस्तीर्ण शस्त्रागार होतें. आर्सेनल या शब्दाचा अर्थच शस्त्रागार. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याभोंवतीं वाढलेली वस्ती ज्यांनीं पाहिली आहे त्यांस, एका सरकारी कारखान्याच्या भोंग्यावर सारें गांव कसें उठतें-बसतें, हें निराळें सांगावयास नको. या शस्त्रागाराच्या डायल स्क्वेअर नांवाच्या कर्मशाळेंतील कामगारांनीं १८८६ सालीं डेव्हिड डॅन्स्किन या स्कॉटिश कारागिराच्या पुढाकारानें फुटबॉलचा संघ उभा केला. ११ डिसेंबर १८८६ रोजीं तो पहिला सामना खेळला. नॉटिंगहॅम फॉरेस्ट या क्लबानें पाठविलेले तांबडे सदरे त्यानें अंगांत घातले, आणि तो रंग अद्यापि कायम आहे. १८९१ मध्यें वेतनी खेळाडू ठेवण्यास आरंभ झाला. १८९३ मध्यें भाडोत्री मैदानाच्या मालकानें भाडें वाढविण्याचें मनांत घेतलें, तेव्हां क्लबानें लिमिटेड कंपनी स्थापून प्लम्स्टेड येथील मॅनर ग्राउंड हें मैदान विकत घेतलें, आणि त्याच वर्षीं लीगच्या दुसऱ्या विभागांत त्याचा प्रवेश झाला. दक्षिण इंग्लंडांतून लीगमध्यें शिरलेला हा पहिला क्लब.

या कंपनीचे भागीदार आठशेंहून अधिक होते, व त्यांतील बहुसंख्य वूलिच-प्लम्स्टेडकडील हातकाम करणारे लोक होते. धनिकांचा आश्रय नसतांना कामगारांनीं एकेक दोन-दोन भाग घेऊन स्वतःचें मैदान मिळवावें, ही गोष्ट त्या काळीं सामान्य नव्हे. १९१३ मध्यें काय गमावलें याचें मोजमाप गुणपटांत नाहीं. तें या भागीदारांच्या यादींत शोधावें लागतें.

परंतु ज्या कारखान्यानें क्लबास जन्म दिला त्याच कारखान्यानें त्यास जखडूनही ठेविलें. बोअर युद्ध १८९९ मध्यें सुरू झालें तेव्हां शस्त्रागारांत जादा काम आलें, शनिवारची दुपारही कामांत जाऊं लागली, आणि प्रेक्षक घटले. १९०२ मध्यें युद्ध संपलें, तेव्हां काम घटलें. लोकांस वेळ मिळाला, पण खिशांत पैसा उरला नाहीं. पुढें १९१० च्या सुमारास टॉर्पेडोचा कारखानाही स्कॉटलंडांत ग्रीनक येथें हलविण्यांत आला. युद्धानें तोटा आणि शांततेनेंही तोटा, असा हा चमत्कारिक योग आहे. मध्यंतरीं, १९०४ मध्यें, क्लब पहिल्या विभागांत चढला, १९०६ व १९०७ या दोन्ही वर्षीं एफ्. ए. कपाच्या उपांत्य फेरीपर्यंत पोहोंचला, हें खरें. तथापि गल्ला भरेना. त्यांत १९०५ मध्यें चेल्सी क्लब निघाला, १९०८ मध्यें टॉटेनहॅम हॉटस्पर लीगमध्यें आला, आणि १९१० मध्यें मिलवॉल क्लब नदी ओलांडून दक्षिण तीरावर न्यू क्रॉस येथें, म्हणजे अधिक सोयीच्या जागीं, येऊन बसला. प्लम्स्टेडला पोहोंचण्यास मध्य लंडनहून लांबचा कंटाळवाणा प्रवास करावा लागे. मैदानाशेजारून शहराच्या सांडपाण्याचा मोठा नळ एका बांधावरून जात असे, आणि त्या बांधावर उभे राहून फुकट सामना पाहणारेही कांहीं थोडे नव्हते!

पैसा नाहीं म्हणून चांगले खेळाडू विकावयाचे. चांगले खेळाडू गेले म्हणून प्रेक्षक कमी. प्रेक्षक कमी म्हणून पुन्हां पैसा नाहीं. नैयायिक ज्यास अन्योन्याश्रय म्हणतात तो दोष येथें केवळ तर्कांत नसून हिशेबाच्या वहींत होता. १९०८ या एका वर्षांत गोलरक्षक अ‍ॅशक्रॉफ्ट ब्लॅकबर्नकडे, शार्प ग्लासगोच्या रेंजर्सकडे, कोलमन व फ्रीमन एव्हर्टनकडे गेले. पैकीं बर्ट फ्रीमन यानें एव्हर्टनतर्फें १९०८-०९ च्या एका मोसमांत लीगमध्यें ३८ गोल केले. सबंध वूलिच आर्सेनल संघानें १९१२-१३ मध्यें केलेले गोल २६ होते, ही गोष्ट येथें शेजारीं ठेवून पाहावी. पुढें १९१४ च्या एफ्. ए. कपाच्या अंतिम सामन्यांत बर्न्लीकडून एकमेव व निर्णायक गोल करणारा तोच फ्रीमन.

१९१० मध्यें कंपनी दिवाळ्याच्या उंबरठ्यावर आली. तेव्हां फुलहॅम क्लबाचा अध्यक्ष व घरबांधणीच्या धंद्यांत गबर झालेला हेन्री नॉरिस यानें विल्यम हॉल याच्यासह ती आपल्या हातीं घेतली. आतां या गृहस्थाचा पहिला बेत काय होता तें पाहावें. वूलिच आर्सेनल फुलहॅममध्यें विलीन करून पश्चिम लंडनांत खेळवावा, असा त्याचा प्रस्ताव होता. लीगनें तो नाकारला. माझ्या मतें वादाचा निकाल येथेंच लागतो. त्यानंतरच्या १९१०-११ व १९११-१२ या दोन्ही मोसमांत क्लब दहावा आला, म्हणजे खेळाच्या दृष्टीनें त्याची स्थिति कांहीं वाईट नव्हती. तरीही त्याच्या चालकाच्या डोक्यांत गांव सोडण्याचा विचार १९१० पासूनच होता. दहाव्या क्रमांकावरील क्लबालाही वूलिचमध्यें भवितव्य नाहीं, असें ज्यानें ठरविलें त्यास विसाव्या क्रमांकाची वाट पाहण्याचें कारण नव्हतें.

१९१२ च्या उन्हाळ्यांत अँडी डुकाट हा उत्तम खेळाडू एक हजार पौंडांस अ‍ॅस्टन व्हिलाला विकला गेला. (हा डुकाट सरे परगण्याकडून क्रिकेटही खेळे, आणि १९४२ मध्यें लॉर्ड्सच्या मैदानावर फलंदाजी करीत असतांनाच मरण पावला. असा अंत क्वचितच कोणाच्या वांट्यास आला असेल.) राहिलेल्या मंडळींनिशीं व्यवस्थापक जॉर्ज मॉरेल यानें मोसम कसाबसा रेटला. त्यावर फार लिहिण्यासारखें नाहीं; एकामागून एक पराभव आणि रिकामे होत जाणारे कठडे, एवढाच त्याचा वृत्तान्त. गोलरक्षकानें स्वतःच्या पेनल्टी-क्षेत्राबाहेर चेंडूस हात लावूं नये हा नवा नियम त्याच वर्षीं अमलांत आला, पण तो सर्वांनाच सारखा होता. दैवाचा उपहास असा कीं, वूलिच येथें नदीखालून पलीकडे जाणारा पायीं चालण्याचा बोगदा १९१२ च्या ऑक्टोबरांतच खुला झाला. दळणवळणाची सोय आली; पण क्लबाचें मन तोंवर भलत्याच दिशेस लागलें होतें.

कारण मोसम संपण्यापूर्वींच हायबरीची वार्ता बाहेर फुटली होती. तेथें सेंट जॉन्स कॉलेज ऑफ डिव्हिनिटी या धर्मविद्यालयाचें पटांगण २१ वर्षांच्या कराराने २०,००० पौंडांस घेण्यांत आलें. दारू विकूं नये, गुड फ्रायडे व नाताळच्या दिवशीं सामने खेळूं नयेत, अशा अटी होत्या. शेजारींच १९०६ मध्यें सुरू झालेलें गिलेस्पी रोड हें भुयारी रेल्वेचें स्टेशन होतें, आणि खरें आकर्षण तेंच. टॉटेनहॅम, चेल्सी व क्लॅप्टन ओरिएंट या क्लबांनीं आणि आसपासच्या रहिवाशांनीं विरोध केला. परंतु लीगनें स्थलांतरास आडकाठी घेतली नाहीं. ६ सप्टेंबर १९१३ रोजीं हायबरीस लेस्टर फॉसविरुद्ध पहिला सामना होऊन तो २-१ असा जिंकला गेला. १९१४ मध्यें नांवांतील 'वूलिच' गळालें. १९१९ मध्यें पहिला विभाग वाढविण्यांत आला, तेव्हां दुसऱ्या विभागांत पांचवा आलेला असूनही आर्सेनल १८ मतांनीं वर घेतला गेला व ८ मतें मिळालेला टॉटेनहॅम खालीं राहिला. तो निवाडा न्याय्य होता असें म्हणणें कठीण आहे. १९३२ मध्यें गिलेस्पी रोड स्टेशनालाच आर्सेनल हें नांव देण्यांत आलें. गांवाचें नांव टाकून दिलेल्या क्लबानें दुसऱ्या जागेस आपलें नांव दिलें.

नॉरिसचा हिशेब व्यापारी दृष्टीनें बरोबर ठरला, हें नाकारतां येत नाहीं. परंतु वूलिचकडील भाग मोठा क्लब पोसण्यास असमर्थच होता, असा जो निष्कर्ष त्यावरून काढतात तो तपासून घेतला पाहिजे. वूलिचच्या पश्चिमेस लगतच चार्लटन आहे. तेथें १९०५ मध्यें मुलांनीं काढलेला चार्लटन अ‍ॅथलेटिक हा क्लब मोठ्या शेजाऱ्याच्या सावलींत वाढूं शकत नव्हता. शेजारी गेल्यावर तो पुढें आला. १९२० मध्यें वेतनी झाला, १९२१ मध्यें लीगमध्यें शिरला, १९३६ मध्यें पहिल्या विभागांत चढला आणि पुढच्याच मोसमांत तेथें दुसरा आला. १२ फेब्रुवारी १९३८ रोजीं अ‍ॅस्टन व्हिलाविरुद्धचा त्याचा कपाचा सामना पाहण्यास चार्लटनच्या मैदानावर ७५,०३१ माणसें जमलीं होतीं.