आगकाडी, आगपेटी आणि बाईचे चित्र

आमच्या पातुरास टेकडीवर रेणुकामातेचे देऊळ आहे. नवरात्रात तेथे पाय ठेवायला जागा मिळत नाही. देवीची कथा लहानथोरांना पाठ आहे. जमदग्नींनी आज्ञा केली, परशुरामाने ती पाळली, आणि पुढे वर मागून आईला पुन्हा उठविले. या कथेत ऋषीचा कोप आहे, पुत्राची आज्ञाधारकता आहे. पण त्या घटकेला रेणुकेच्या मनात काय आले असेल, हे सांगणारा कथेकरी मला अजून भेटायचा आहे.

बाईचे चरित्र पुरुषाने लिहावे आणि तिचे चित्रही त्यानेच रंगवावे, ही आपली जुनी रीत. तिच्यावर पहिला घाव ज्यांनी घातला त्यांत आमच्या वऱ्हाडातली एक बाई होती, याचा मला अभिमान वाटतो. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेच्या खटल्यावरून १८८१ साली वृत्तपत्रांनी साऱ्या स्त्रीजातीला धारेवर धरले, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी लेखणी उचलली. बायकांच्या माथी मारलेले हे दुर्गुण पुरुषांच्या अंगी नाहीत काय, असा रोखठोक सवाल त्यांनी केला. ‘स्त्रीपुरुषतुलना’ १८८२ साली पुण्यात छापले गेले. प्रती अवघ्या ५००. मग ते पुस्तक जे दृष्टीआड झाले, ते १९७५ साली स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केले तेव्हा लोकांपुढे आले.

लेखणीची ही कथा. कुंचल्याची, त्यातही पडद्यावर हलणाऱ्या चित्रांची, याहून पुष्कळ उशिराची आहे.

हलते चित्र म्हणजे काय? एक चित्र काढायचे, ते टिपायचे. मग तसेच दुसरे, पण केसभर बदललेले. पडद्यावर सेकंदाला चोवीस चित्रे सरकतात, म्हणजे मिनिटाला १४४०. एकेक चित्र दोनदा टिपण्याची सवलत घेतली, तरी ७२० काढावी लागतातच. चातुर्मासात लक्ष वाती वळणाऱ्या आयाबायांना या कामाची कल्पना चटकन येईल!

आपल्याकडे ही युक्ती दादासाहेब फाळक्यांनी आणली. १९१२ साली वाटाण्याचा अंकुर थोडा थोडा टिपून त्यांनी त्याची वाढ लोकांना पाहता पाहता दाखविली. पुढे १९१५ साली, महायुद्धामुळे कोऱ्या फिल्मची टंचाई असताना, नुसत्या काड्या हलवून त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. हा सारा इतिहास सांगताना सरस्वतीबाई फाळक्यांना मात्र लोक दोन ओळींत आटोपतात, ते मला पटत नाही. चित्रपटाच्या भांडवलासाठी त्यांच्या अंगावरचे दागिने गेले. कोऱ्या फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे काम, आणि तेही अंधारात, त्या करीत. रसायने कालवीत. उन्हात पांढरी चादर धरून नटांच्या तोंडावर उजेड पाडीत. साऱ्या मंडळींचा स्वयंपाक तो वेगळाच. एवढे होऊन १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’त तारामती कोण झाली? तर साळुंके नावाचे पुरुष नट! पडद्यावर यायला बाईच मिळेना. त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुरा’त दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला या दोघी आल्या, तेव्हा कोठे कोंडी फुटली.

अमेरिकेतही फार निराळे नव्हते. वॉल्ट डिस्नेच्या १९३७ सालच्या ‘स्नो व्हाइट’ची चित्रे पारदर्शक पट्ट्यांवर गिरवली आणि रंगवली ती मुलींनी. पण १९३८ साली एका तरुणीने त्या कंपनीत चित्रकारीचे काम मागितले, तेव्हा कल्पकतेचे काम येथे तरुण पुरुषच करतात, असे तिला लेखी उत्तर मिळाले. १९२६ सालीच जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या कागदाच्या आकृत्या कात्रीने कापून पूर्ण लांबीचा चित्रपट पुरा केला होता. उत्तर लिहिणाऱ्याच्या तो गावी नसावा. असो.

फाळक्यांच्या काड्यांनंतर नव्वद वर्षांनी आगपेटी पुन्हा पडद्यावर आली, ती एका बाईच्या हातून. गीतांजली राव या मुंबईच्या सर जे. जे. संस्थेतून शिकलेल्या चित्रकर्तीने ‘प्रिंटेड रेनबो’ हा सुमारे पंधरा मिनिटांचा चित्रपट एकटीने हाताने रंगवून केला. २००६ साली कान महोत्सवाच्या समीक्षक सप्ताहात त्याला तीन पारितोषिके मिळाली. त्यात शहरातल्या एका इमारतीत राहणारी म्हातारी आहे आणि तिची मांजर आहे. घर, खिडकी, बाहेरचे शहर, सगळे राखी रंगाचे. म्हातारीपाशी आगपेट्यांचा संग्रह आहे. पेटीवरच्या छापील चित्रात ती शिरते, आणि त्याबरोबर पडदा रंगांनी भरून जातो. शब्द एकही नाही.

शब्द नाहीत म्हणूनच मी तो माझ्या मावशीला दाखविला. चूल सुटून गॅस आला तरी आगपेटी हाताशी ठेवणारी ती बाई. निम्मा होईपर्यंत गप्प होती. मग म्हणाली, “काहून रे बाबू, इच्या घरी कोनी येत नाई काय?” मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तीच म्हणाली, “बरं झालं, मांजर तरी हाये.” समीक्षकांनी या चित्रपटावर पुष्कळ लिहिले असेल, मला मावशीचा अभिप्राय पुरेसा वाटला. एकट्या बाईच्या मनात शिरायला चित्रकर्तीने आगपेटीएवढी जागा शोधली, आणि मावशीला ती ओळखीची निघाली.

पुढे याच बाईंनी ‘बॉम्बे रोज’ हा मोठा चित्रपट केला. २०१९ साली व्हेनिसच्या समीक्षक सप्ताहाचा आरंभ त्याने झाला. या वेळी मदतीला अनेक चित्रकार होते, पण रंग हातानेच भरलेले. त्यातली कमला बालविवाहाच्या जाचातून निसटून मुंबईस आलेली आहे. रस्त्यावर फुले विकून ती आजोबांना आणि धाकट्या बहिणीला पोसते. तिच्या स्वप्नात मुंबईचा रस्ता जुन्या लघुचित्रांतल्या महालासारखा होतो, आणि जाग येताच फुलांचे पैसे मोजावे लागतात. तिच्यावर न्यायनिवाडा करायला चित्रकर्ती बसलेली नाही. ती कमलेच्या शेजारी उभी राहून पाहते.

हा दीड तासाचा चित्रपट मावशीला अजून दाखवायचा आहे. एवढा वेळ नुसते बसवणार नाही, म्हणते. तूर निवडायला घेऊन बसणार आहे.