सागरविहार : त्याचा इतिहास व त्यापासून घ्यावयाचा बोध

समुद्रापलीकडे जाणें व समुद्रावर जाणें या दोन गोष्टी वस्तुतः अगदीं भिन्न आहेत. व्यापारी, शिपाई, यात्रेकरू, विद्यार्थी हे सर्व समुद्रापलीकडे जात. मधला समुद्र त्यांस केवळ सोसावयाचा असे. आनंदीबाई जोशी १८८३ सालच्या एप्रिलांत कलकत्त्याहून निघाल्या व जून महिन्यांत न्यूयॉर्कला उतरल्या, त्या वैद्यक शिकण्यासाठीं. लाटा पाहण्यासाठीं नव्हे. आपल्याकडे तर समुद्रगमन हेंच कलिवर्ज्य मानलेलें; परतलेल्यास प्रायश्चित्त द्यावें कीं नाहीं, या वादांत आपल्या पंडितांची एक पिढी खर्ची पडली. अशा समाजांतील मनुष्यास, कोठेंही पोहोंचावयाचें नसतां पदरचे पैसे खर्चून आठ दिवस पाण्यावर राहावें व जेथून निघालों तेथेंच परत उतरावें, ही कल्पना निव्वळ वेडगळपणाची वाटली असती. आज तीच कल्पना मुंबई-पुण्याच्या मध्यम स्थितींतील कुटुंबांतही सहज बोलली जाते. दिवाळीच्या सुटींत कोठें जावें या प्रश्नास महाबळेश्वर-माथेरानच्या जोडीला ‘क्रूझ’ हेंही एक उत्तर येऊन बसलें आहे. या क्रूझला आपण सागरविहार म्हणूं. असा विहार करूं इच्छिणारास उपदेश करणारीं पत्रकें पुष्कळ मिळतात; परंतु अमुक करावें व अमुक टाळावें असें कां, हें तीं सांगत नाहींत. तें कारण इतिहासांत आहे. म्हणून प्रस्तुत लेखांत इतिहास सांगतां सांगतां उपदेश करावा, असें योजिलें आहे.

या विहाराचा उगम शोधूं लागल्यास १८४४ सालापाशीं जावें लागतें. त्या वर्षीं पी. अँड ओ. या इंग्रज आगबोट-कंपनीनें कादंबरीकार थॅकरे यास लिस्बन, जिब्राल्टर, माल्टा, अथेन्स, कॉन्स्टँटिनोपल, जेरुसलेम व कैरो अशा लांबलचक फेरीवर फुकट नेलें. कंपनीचा हेतु उघड होता : टपाल व अंमलदार वाहून नेणाऱ्या आपल्या आगबोटींवर हौशी प्रवासीही यावेत. थॅकरेनें १८४६ सालीं त्या प्रवासाचें पुस्तक काढलें व तें त्याच कंपनीच्या एका कप्तानास अर्पण केलें. म्हणजे या धंद्याच्या जन्मासच जाहिरात सुईण म्हणून हजर होती. फुकट नेलेल्या पाहुण्याचें वर्णन व भाडें भरलेल्या प्रवाशाचा अनुभव यांत अंतर असावयाचेंच. आजही जहाजाची निवड करतांना सुंदर चित्रें व गौरवपर लेख यांवर विसंबूं नये. त्याच जहाजानें स्वतःच्या पैशानें जाऊन आलेल्या दोघाचौघांस विचारावें, हा पहिला नियम येथूनच निघतो.

दुसरी प्रसिद्ध फेरी १८६७ सालची. ‘क्वेकर सिटी’ नांवाची आगबोट त्या वर्षीं ८ जून रोजीं न्यूयॉर्कहून निघाली. भाडें माणशीं १,२५० डॉलर, आणि मुदत पांच महिन्यांहून अधिक. प्रवाशांत वयस्क व धर्मशील मंडळींचा भरणा मोठा. त्यांत मार्क ट्वेन हा तरुण वृत्तपत्रकार होता. त्याचें भाडें एका वर्तमानपत्रानें भरलें होतें. १८६९ सालीं त्यानें जें पुस्तक लिहिलें, त्यांत देवळें, चित्रशाळा व थडगीं यांची भराभर हजेरी घेत धांवणाऱ्या आपल्या सहप्रवाशांची त्यानें मनमुराद थट्टा केली आहे. ती थट्टा आजही शिळी झालेली नाहीं. सात दिवसांत सहा बंदरें दाखविणारी फेरी स्वस्त वाटते. प्रत्यक्षांत प्रत्येक बंदरीं पांच-सहा तासच हातीं येतात, आणि त्यांतील दोन रांगेंत उभें राहण्यांत जातात. थोडीं बंदरें असलेली फेरी पत्करावी, व ज्या बंदरीं उतरावयाचें तेथें एकच स्थळ मनापासून पाहावें. जहाज सुटण्याची वेळ मात्र घड्याळांत बांधून ठेवावी. कारण आगगाडी चुकली तर दुसरी मिळते, जहाज चुकलें तर पुढचें बंदर आपल्याच खर्चानें गांठावें लागतें.

वरील दोन्ही उदाहरणें कारणपरत्वें घडलेलीं होतीं. सागरविहारास नियमित धंद्याचें स्वरूप दिलें तें हांबुर्ग-अमेरिका कंपनीच्या आल्बर्ट बालिन यानें. त्याची अडचण मोठी साधी होती. हिवाळ्यांत उत्तर अटलांटिक खवळलेला असे, त्यामुळें प्रवासी थोडे. आणि ‘आउगुस्टा व्हिक्टोरिया’सारखें साडेसात हजार टनांवरचें नवें जहाज धक्क्याशीं रिकामें उभें राहिलें तरी त्याचा खर्च चुकत नसे. बालिननें तें जहाज दक्षिणेकडील उबदार समुद्रांत मौजेसाठीं पाठविण्याचें ठरविलें. २२ जानेवारी १८९१ रोजीं २४१ प्रवासी घेऊन ते कुक्सहाफेनहून भूमध्य समुद्राकडे निघालें. स्वतः बालिनही बरोबर होता. दोन महिन्यांनीं जहाज परतलें तेव्हां हा नवा धंदा चालणार, याविषयीं शंका उरली नव्हती.

येथें वाचकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. सागरविहाराचा जन्म प्रवाशाच्या हौसेंतून झाला नाहीं; तो रिकाम्या खोल्यांतून झाला. जहाजवाल्याचें हित खोल्या भरण्यांत, प्रवाशाचें हित समुद्र व विश्रांति मिळविण्यांत. हीं दोन हितें पुष्कळदां जुळतात, परंतु तीं एक नव्हेत. हंगाम निवडतांना हा भेद उपयोगी पडतो. भाडें जेव्हां अतिशय उतरतें, तेव्हां त्यास बहुधा हवेचें कारण असतें. कॅरिबियन समुद्रांत जूनपासून नोव्हेंबरपर्यंत वादळांचा काळ असतो. आपल्या अरबी समुद्रांत जून ते सप्टेंबर हा पावसाळा. नॉर्वेचा किनारा व अलास्का उन्हाळ्यांतच पाहावयाचे. उलट पक्षीं, युरोपांतला उन्हाळा संपला म्हणजे जहाजें अमेरिकेकडे वळतात व वसंत ऋतूंत परत येतात. त्या एकेरी सफरींत बंदरें थोडीं, समुद्र पुष्कळ आणि भाडें कमी. ज्यास खरोखरच पाण्याची आवड आहे, त्यानें ही रिकाम्या जहाजाची संधि अवश्य साधावी. बालिनचें गणित येथें प्रवाशाच्या पदरांत पडतें.

पुढें बालिननें केवळ विहारासाठींच एक जहाज बांधविलें. ‘प्रिंत्सेसिन व्हिक्टोरिया लुईझ’ हें तें जहाज १९०० सालीं पाण्यांत उतरलें. त्यांत दुसरा वर्ग नाहीं, तिसरा वर्ग नाहीं. सर्व खोल्या पहिल्या वर्गाच्या. परंतु १९०६ सालच्या डिसेंबरांत जमेकाच्या किनाऱ्याजवळ कप्तानानें एका दीपगृहाबद्दल दुसरें समजून जहाज खडकावर घातलें. प्रवासी सर्व वांचले. कप्तानानें मात्र आपल्या खोलींत जाऊन स्वतःवर गोळी झाडून घेतली. महाल कितीही शृंगारला, तरी तो पाण्यावर आहे, हा पहिला धडा या धंद्यास असा मिळाला.

यानंतरचा मोठा पालट विमानानें घडविला. १९५८ सालीं जेट विमानें अटलांटिक ओलांडूं लागलीं, आणि पांच दिवसांचा प्रवास कांहीं तासांवर आला. समुद्रापलीकडे जाणारांस आतां समुद्राची गरज उरली नाहीं, व जहाजें पुन्हां रिकामीं पडलीं. इतिहासाची पुनरावृत्ति पाहा : स्पेनकडे मोटारी व प्रवासी नेण्यासाठीं बांधलेलें ‘सनवर्ड’ नांवाचें नॉर्वेजियन जहाज तो बेत फसल्यानें बेकार झालें होतें. मालक क्नुट क्लॉस्टर व मायामीचे टेड ॲरिसन यांनीं तें १९६६ सालच्या डिसेंबरपासून मायामीहून बहामा बेटांकडे ठराविक फेऱ्यांवर लावलें. आजचा प्रचंड धंदा या लहानशा आरंभांतून वाढला. २०२४ सालीं निघालेलें ‘आयकॉन ऑफ द सीज’ हें जहाज जवळजवळ अडीच लक्ष टनांचें असून त्यांत सात हजारांवर प्रवासी मावतात. बालिनच्या जहाजाच्या बत्तीसपट झालेलें हें तरंगतें शहर आहे. आणि शहराचे गुणदोषही त्यांत आले आहेत. गर्दी आहे, गोंगाट आहे, बाजारही आहे. आरंभीं सांगितलेलें भाडें हें नुसतें वेशीचें भाडें समजावें; पेयें, इंटरनेट, किनाऱ्यावरील सहली, नोकरांची बक्षिसी यांचा आंकडा वेगळा असतो, व तो शेवटच्या दिवशीं समोर येतो. तो आधींच विचारून घ्यावा, आणि मगच दोन जहाजांची तुलना करावी.

खोलीसंबंधानें एक मौजेची दंतकथा आहे. ‘पॉश’ हा जो शब्द आपणही आतां मराठींत वापरतों, तो ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या चार इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांतून झाला असें सांगतात. हिंदुस्थानाकडे येतांना जहाजाची डावी बाजू व परततांना उजवी बाजू सावलीची, म्हणून धनिक लोक तिकिटावर तशी मोहोर उठवून घेत, असा तिचा आशय. अशी मोहोर असलेलें एकही तिकीट आजवर सांपडलेलें नाहीं. शब्दाची ही व्युत्पत्ति विद्वान मानीत नाहींत. परंतु तांबड्या समुद्राच्या उकाड्यांत खोलीची बाजू महत्त्वाची होती, हें खोटें नव्हे. आतां यंत्रानें हवा थंड होते, तेव्हां बाजूपेक्षां जागा पाहावी. ज्यास समुद्र लागतो त्यानें जहाजाच्या मध्यभागीं, खालच्या मजल्यावरची खोली घ्यावी. तेथें डोलणें सर्वांत कमी. पोट अगदीं रिकामें ठेवूं नये व तुडुंबही भरूं नये. जवळ आलें ठेवावें. मळमळूं लागतांच खोलींत न निजतां डेकवर यावें आणि क्षितिजावर दृष्टि लावावी. औषधें, कागदपत्रें व एक जोडी कपडे हातांतल्या पिशवींतच असावे, कारण मोठें सामान खोलींत पोहोंचावयास संध्याकाळ होते.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. १९१२ सालीं ‘टायटॅनिक’ बुडालें, तेव्हां त्यावरील माणसांच्या निम्म्यांनाच पुरतील इतक्या होड्या त्यावर होत्या. त्या अनर्थांतून १९१४ सालचा सागरी जीवितरक्षणाचा आंतरराष्ट्रीय करार निघाला. पण आपल्याला इतकें दूर जावयास नको. १७ जुलै १९४७ रोजीं मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ आगबोट भर पावसाळ्यांत उलटली व सहाशेंहून अधिक माणसें बुडालीं. ती विहाराची नौका नव्हती. घरीं जाणारे गरीब कोंकणी लोक तींत होते. किनारा कांहीं मैलांवर होता. पण समुद्र अंतर मोजीत नाहीं. १३ जानेवारी २०१२ रोजीं इटलीच्या जील्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हें मौजेचें जहाज खडकावर आपटलें. ३२ माणसें दगावलीं. त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों प्रवाशांस संकटकाळीं कोठें जमावें हें शिकविण्यांतच आलें नव्हतें. तेव्हांच्या नियमाप्रमाणें त्यासाठीं चोवीस तासांची सवड होती. २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेतली पाहिजे असा नियम झाला. पुष्कळ प्रवासी ती कंटाळवाणी समजून टाळूं पाहतात. त्यांनीं इतकेंच आठवावें कीं, त्या अर्ध्या तासाची किंमत दुसऱ्यांनीं आधींच भरलेली आहे. आपली जमण्याची जागा पाहून यावी, लहान मुलांना ती पायांनीं चालून दाखवावी, व मगच नाचगाण्याकडे वळावें.

आणखी एक गोष्ट मराठी वाचकांस सांगितल्यावांचून लेख पुरा होणार नाहीं. ज्या पी. अँड ओ. च्या आगबोटींतून साहेबलोक आरामांत प्रवास करीत, त्यांवर रत्नागिरीकडचे खलाशी दोर ओढीत व गोवेकर भोजनगृहांत वाढीत. मुंबईंत धोबीतलावाच्या बाजूस गोवेकर खलाशांचे ‘कूड’ गांववार वसले, ते दोन नोकऱ्यांच्या मधले दिवस काढण्यासाठीं. आजही जगांतील विहारनौकांवर गोव्याचीं व कोंकणचीं मुलें महिनेन् महिने काम करीत असतात. २०२० सालच्या महामारींत प्रवासी आधीं घरीं गेले. हजारों कामगार मात्र पुढें कित्येक आठवडे, कांहीं तर महिने, जहाजांवरच अडकून पडले, आणि कांहींना मुंबईचे दिवे दिसत असूनही उतरतां येईना. एकच जहाज एकाची सुटी असतें व दुसऱ्याची चाकरी. खोली झाडणाऱ्यास नांव विचारावें. तो सावंतवाडीचा किंवा मडगांवचा निघाला तर घरची चार वाक्यें बोलावीं. तीं त्यास बक्षिसीइतकींच मोलाचीं वाटतील.

शेवटचा उपदेश अगदीं लहान आहे. जहाजावर दिवसभर मन गुंतविणारीं साधनें इतकीं असतात कीं, आठ दिवस राहूनही समुद्र न पाहतां परत येणारे लोक थोडे नाहींत. म्हणून एक दिवस पहांटे, दिवे मंद झाले असतां व डेक निर्मनुष्य असतां, कठड्यापाशीं एकट्यानें जाऊन उभें राहावें. ज्या पाण्याला आपले पूर्वज भीत आले, ज्यानें कित्येकांना घरीं परत येऊं दिलें नाहीं, आणि ज्यावर आपण आज निर्धास्तपणें निजलों, तें पाणी तेथें अंधारांत खालून सरकत असतें. तें घटकाभर पाहावें. त्यासाठींच तर भाडें भरलेलें असतें.