प्राइम की झूम? रोजच्या फोटोंसाठी लेन्स घेण्याआधी हे वाचा

पावसाळ्यात महाड तालुक्यातल्या शिवथर घळीला गेलात, तर एकाच ठिकाणी दोन अडचणी येतात. बाहेर धबधबा कोसळत असतो आणि फ्रेममध्ये तो मावावा म्हणून मागे सरकायला जागा नसते. आत घळीत उजेड इतका कमी, की माणसांचे फोटो हलतात. पहिल्या अडचणीत झूम लेन्स कामाला येते, दुसरीत प्राइम. म्हणून आधी हे ओळखा: तुम्हाला नेहमी कमी काय पडतं, जागा की उजेड?

दोन्हींत फरक काय?

प्राइम लेन्सची फोकल लेंग्थ ठरलेली असते. 50 मिमी म्हणजे 50च. जवळून किंवा लांबून फोटो हवा असेल, तर आपणच चालायचं. झूम लेन्समध्ये रिंग फिरवून फोकल लेंग्थ बदलता येते. नव्या कॅमेऱ्यासोबत बऱ्याचदा मिळणारी 18-55 मिमीची किट लेन्स ही झूमच.

प्राइममध्ये उजेड जास्त कसा?

अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र. एफचा आकडा जितका लहान, तितकं हे छिद्र मोठं. 50 मिमीची साधी प्राइम एफ/1.8 पर्यंत उघडते. किट लेन्स 55 मिमीवर एफ/5.6 पर्यंतच. या दोन आकड्यांमध्ये उजेडाचा फरक नऊ पटींहून जास्त आहे.

म्हणजे गांधारपाले लेण्यांत किंवा संध्याकाळी घरात किट लेन्सला सेकंदाचा दहावा भाग लागत असेल, तर प्राइमला साधारण शंभरावा भाग पुरतो. बोलणारं, हसणारं माणूस दहाव्या भागात हलतं, शंभराव्यात बहुधा नाही.

एक काळजी घ्या. एफ/1.8 वर फोकसची पट्टी अगदी अरुंद असते. ग्रुप फोटोत मागची रांग धूसर होते. तिथे एफ/4 किंवा एफ/5.6 ठेवा.

झूम कुठे हवीच?

जिथे पाय हलवता येत नाहीत तिथे. रायगडावर टकमक टोकाजवळ प्राइम लावून 'अजून थोडं मागे' सरकणं जिवावर बेतू शकतं. तिथे जागेवर उभं राहून रिंग फिरवणंच योग्य. 1927च्या चवदार तळे सत्याग्रहाच्या स्मरणार्थ 20 मार्चला महाडमध्ये मोठी गर्दी होते, तेव्हाही हवं तिथे जाता येत नाही. पोलादपूरहून महाबळेश्वरला जाताना आंबेनळी घाटात पाऊस लागला, तर लेन्स बदलणं टाळावं. त्या क्षणी कॅमेऱ्याचं तोंड उघडं असतं आणि ओल आत जाऊ शकते.

50 घ्यावी की 35?

बहुतेक स्वस्त डीएसएलआर कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा छोटा सेन्सर असतो. त्यावर 50 मिमीची लेन्स फुल फ्रेमवरच्या 75 ते 80 मिमीइतकं अरुंद दृश्य दाखवते. एका माणसाच्या फोटोसाठी ती छान, पण छोट्या खोलीत सगळं घर मावत नाही. घरातल्या रोजच्या फोटोंसाठी अशा कॅमेऱ्यावर 35 मिमी जास्त सोयीची.

पैसे घालण्याआधी फुकटात तपासा

शेवटचे शंभरेक फोटो उघडा. प्रत्येक फोटोच्या 'डिटेल्स'मध्ये फोकल लेंग्थ दिसते. बहुतेक फोटो एकाच आकड्याजवळ असतील आणि घरातले हलले असतील, तर त्या आकड्याजवळची प्राइम घ्या. 18 आणि 55 अशी दोन्ही टोकं सतत वापरली असतील, तर तुम्हाला झूमच लागते. खात्रीसाठी आठवडाभर किट लेन्सची रिंग 35वरच ठेवून फोटो काढा. कुठे अडता ते कळेल.

ओलीपासून जपा

कोकणच्या दमट हवेत कोणत्याही लेन्सला बुरशी लागू शकते. लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा. जुनी लेन्स घेताना एका बाजूने टॉर्च मारून दुसऱ्या बाजूने पाहा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही दिसलं, तर व्यवहार थांबवा.

थोडक्यात

पहिलाच कॅमेरा घेताय? किट झूमपासून सुरुवात करा. किट झूम आहे आणि घरातले, संध्याकाळचे फोटो बिघडतात? मग दुसरी लेन्स एफ/1.8 ची प्राइम घ्या. गड आणि घाट फिरताना मात्र कॅमेऱ्यावर झूमच लावलेली बरी.